बटणं दोन, हात तीन

चष्म्याच्या दुकानातून तिला पहिल्याच दिवशी परत पाठवलं, आणि खरं सांगायचं तर त्यात तिची फारशी चूक नव्हती. शाळेनं नववीच्या मुलामुलींना आठवडाभर कामाचा अनुभव घ्यायला निरनिराळ्या ठिकाणी धाडलं होतं. कुणी दवाखान्यात, कुणी रोपवाटिकेत, कुणी शिंप्याकडे. हिच्या वाट्याला चष्म्याचं दुकान आलं. दुपारपर्यंत ती गुमान काचा पुसत बसली होती. मग तिच्या लक्षात आलं की चष्मेवाले समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघताना डोळे बारीक करतात. एवढं लक्षात आल्यावर गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, त्याची बायको होती, आणि या दोघांसमोर हिनं अगदी मनापासून, काळजीनं विचारलं की तुम्हाला लांबचं दिसत नाही, मग तुम्ही स्वतः चष्मा का लावत नाही? गिऱ्हाईक हसलं, त्याची बायको त्याहून हसली. चष्मेवाले मात्र हसले नाहीत. संध्याकाळी शाळेत फोन गेला की पोरगी हुशार आहे, पण आम्हाला झेपणार नाही.

घरी तिला सगळे ‘प्रश्नपत्रिका’ म्हणत. नाव मामानं ठेवलं होतं, आणि मामांनी ठेवलेली नावं साबण लावून घासली तरी निघत नाहीत. लहानपणी त्यानं तिला सायकलवरून गावभर फिरवून आणलं, तर परत येईपर्यंत बिचाऱ्याचा घसा बसला होता. सायकल हाकून नव्हे, उत्तरं देऊन.

शाळेत हे सगळं खातं ज्या बाईंकडे होतं, त्या कामाला वाघ होत्या. मुलाला कुठेही पाठवण्याआधी त्या ती जागा स्वतः पाहून येत. जिन्याला कठडा आहे का, मुलीला कुणाबरोबर एकटीला बसावं लागेल का, मागचा दरवाजा खरंच उघडतो की त्याच्यापुढे खोकी रचलीत, स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी लागते का, हे सगळं त्या हात लावून बघत. नापास केलेल्या दुकानदारांत त्यांचा सख्खा दीरही होता, आणि तेव्हापासून त्यांच्या घरात दिराशी बोलणं जरा बेतानंच होत असे.

बाईंनी धावपळ करून हिच्यासाठी दुसरी जागा मिळवली. पुस्तकं बांधण्याचा एक लहानसा कारखाना, मालकीण सगळ्यांच्या वहिनी. जागा मिळाली तेव्हा बाईंनी हिला समोर बसवलं.

“तिसरी जागा माझ्याकडे नाही,” बाई म्हणाल्या. “आणि हा आठवडा पुरा झाला नाही, तर पुढच्या वर्षी यंत्रांच्या वर्गाला तुझं नाव मला देता येणार नाही. तेव्हा प्रश्न जरा कमी कर. दाखवतील ते बघ, सांगतील ते कर.”

यंत्रांचा वर्ग म्हणजे हिचा जीव की प्राण. शाळेच्या मागच्या खोलीत लेथ होतं, वेल्डिंगचा कोपरा होता, आणि खिडकीला नाक लावून लावून काचेवर हिच्या नाकाचा कायमचा डाग पडला होता. आईनंही घरी तेच बजावलं. उगाच हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस, म्हणाली, मोठी माणसं काम करत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. हिनं मान हलवली. या वेळी तिनं खरंच ठरवलं होतं.

पण ठरवणं सोपं आणि वहिनींचा कारखाना कठीण. तिथे पाऊल ठेवल्या ठेवल्या प्रश्नांचा पाऊस सुरू होईल अशीच जागा होती ती. एका लांब टेबलावर छापलेले मोठे कागद येत, त्यांच्या घड्या पडत, आणि सोळा पानांची एक घडी, म्हणजे फर्मा, तयार होई. आता मोठ्या कागदावर पानं उलटीसुलटी, काही डोक्यावर उभी छापलेली, आणि घडी घातली की सगळी आपापल्या जागी सरळ. हे कुणी ठरवलं असेल? खळ नुसती लावत नाहीत, आधी बोटावर घेऊन दोन बोटं चिकटवून उघडून पाहतात, ते का? पुठ्ठा एका बाजूनं सहज वाकतो आणि दुसऱ्या बाजूनं मोडतो, ते का? पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्या तोंडात इतके प्रश्न साठले की घास जायला जागा उरली नाही.

वहिनी माणूस म्हणून मोकळ्या होत्या. बोलत भरभर, चालत त्याहून भरभर. त्यांनी हिला फर्मे ओळीनं लावायला शिकवलं, सुई-दोऱ्यानं शिवण घालायला शिकवलं. हिचा हात बरा आहे असंही म्हणाल्या. ही नुसती ‘हो’ आणि ‘बरं’ म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी वहिनी कौतुकानं म्हणाल्या की शाळेनं किती शांत मुलगी पाठवली. हिला आतल्या आत हसूही आलं आणि रडूही.

तिचा खरा जीव अडकला होता तो कटिंग मशीनमध्ये. कारखान्याच्या पार टोकाला, लोखंडी टेबलावर हातभर रुंद पातं असलेलं ते यंत्र उभं होतं. त्याच्यासमोर जमिनीवर पिवळी रेघ मारलेली, आणि हिनं त्या रेघेच्या पलीकडे जायचं नाही अशी वहिनींनी बाईंना हमी दिलेली. यंत्र चालवत ते काका. टक्कल, कानावर पेन्सिल आणि बोलण्यात काटकसर. ते कागदांचा गठ्ठा टेबलावर सारत, पायाखालची कळ दाबून वरची जाड पट्टी गठ्ठ्यावर बसवत, मग टेबलाच्या दोन टोकांना असलेली दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबत. त्यासरशी पातं तिरकं उतरे आणि बोटभर जाडीचा गठ्ठा लोण्यासारखा कापला जाई.

बटणं एवढी लांब लांब का, हे मात्र हिला न विचारताच कळलं होतं. बाई जागा पाहायला आल्या तेव्हा काकांनी त्यांना ते दाखवलं होतं, आणि बाईंनी शाळेत आल्यावर तिला सांगितलं होतं. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय पातं हलतच नाही. एक हात उचलला की जागच्या जागी थांबतं. म्हणजे बोटं पात्याखाली जायची सोयच नाही. बाईंनी स्वतः दोन-तीनदा करून पाहिलं होतं आणि समाधानानं होकार दिला होता. वहिनीही अभिमानानं सांगत की या यंत्रानं आजवर कुणाचं नखसुद्धा घेतलेलं नाही.

गुरुवारी नकाशे आले. शाळांच्या भिंतींवर लावायचे मोठाले रंगीत नकाशे, छापखान्यातून गुंडाळ्या करून आलेले. संध्याकाळी टेम्पो ते न्यायला येणार होता. गुंडाळून आलेला कागद सपाट राहतो थोडाच. काका गठ्ठा सरळ करत आणि त्याचा पुढचा कोपरा हट्टी पोरासारखा पुन्हा वर येई. असा कागद आला की एरवी वहिनी यंत्राच्या बाजूला उभ्या राहत, तळव्यानं तो कोपरा दाबून धरत, वरची पट्टी बसली की हात काढून घेत, आणि काका बटणं दाबत. ते दोघं हे इतकी वर्षं करत आले होते की बोलायची गरजच पडत नसे. सकाळी निम्मे नकाशे असेच कापून झाले. हिनं रेघेच्या अलीकडून ते डोळे फाडून पाहिलं.

दुपारी वहिनींना दोऱ्याची रिळं आणायला बाहेर जावं लागलं. काकांनी एकट्यानं दोन गठ्ठे करून पाहिले, कोपरा दुमडला आणि एक अख्खा गठ्ठा वाया गेला. त्यांनी कपाळ पुसलं, दाराकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं.

“ये गं जरा,” ते म्हणाले. “हा कोपरा धर. मी आहे ना इथे.”

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोण नाही म्हणेल? पिवळी रेघ ओलांडताना तिला क्षणभर बाई आठवल्या, पण काका मोठे, काका यंत्राचे जाणकार, आणि सांगतील ते कर असं बाईच म्हणाल्या होत्या. शिवाय यंत्र जवळून बघायला मिळणार होतं. वासच वेगळा होता तिथे, तेल, लोखंड आणि कापलेल्या कागदाची बारीक धूळ. वहिनी ठेवत तिथेच, वहिनी ठेवत तसाच तिनं तळवा ठेवला. कागद गार आणि जिवंत असल्यासारखा, खालून ढकलणारा. काकांनी पायानं कळ दाबली, पट्टी उतरली, तिनं हात काढला, पातं आलं आणि गेलं. दुसरा गठ्ठा. तिसरा. काका खूष झाले. हात शहाणा आहे म्हणाले, आणि काकांकडून चार शब्द ऐकायला मिळणं म्हणजे बक्षीसच.

आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात ते शिरलं.

तिनं पाहिलं की पट्टी बसवताना काका नजर वर उचलतात. ते तिच्या हाताकडे बघतच नाहीत. ते बघतात नकाशाच्या कडेच्या बारीक खुणेकडे, कापायची रेघ बरोबर येते की नाही ते. त्यांचा डावा हात डाव्या बटणावर जातो, उजवा उजव्यावर. दोन्ही हात जागेवर आले की यंत्राच्या दृष्टीनं सगळं आलबेल. पण इथे आता हात दोन नव्हते.

काय करावं ते तिला कळेना. विचारलं तर काका म्हणतील, काल आलेली पोर मला यंत्र शिकवते. वहिनींना सांगतील, वहिनी शाळेला सांगतील, आणि मग यंत्रांच्या वर्गाच्या खिडकीला जन्मभर नाक लावत बसायचं. इतकी वर्षं वहिनी इथेच हात ठेवतात. त्यांना काही झालं नाही. यंत्राला दुसरी काहीतरी सोय असेलच, मोठ्या माणसांनी बनवलंय, मोठ्या माणसांनी तपासलंय. हे सगळं ती स्वतःला समजावत होती, आणि समजावण्याच्या नादात पट्टी खाली बसली तरी तिचा तळवा कोपऱ्यावरच राहिला.

काकांची नजर खुणेवर होती. त्यांचे हात बटणांवर टेकले.

“काका,” ती म्हणाली. “तुमचे दोन्ही हात बटणांवर आहेत ते याला कळतं. माझा हात इथे आहे हे याला कसं कळतं?”

काकांनी खाली पाहिलं. हात पात्याच्या बरोबर खाली होता, लहानसा, खळीचे डाग पडलेला. तव्याचा चटका बसावा तसे काकांनी दोन्ही हात बटणांवरून काढून घेतले.

तिनं हात मागे घेतला ते काकांनी पाहिलं, मग भिंतीवरचं मोठं बटण बंद केलं, आणि पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसले. त्यांनी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं तर निम्मं पाणी शर्टावर सांडलं. “रेघेच्या पलीकडे जाऊन बस,” एवढंच ते म्हणाले. हिला वाटलं, झालं, संपलं. तिनं आपला डबा पिशवीत घातला, सुई सुईच्या डबीत ठेवली, टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे उचलले. जाताना पसारा ठेवून गेली असं तरी कुणी म्हणायला नको.

वहिनी आल्या आणि काकांनी त्यांना सगळं सांगितलं, आपली चूक एका शब्दानंही न झाकता. मुलीला रेघेच्या आत का घेतलं म्हणून वहिनी कडाडल्या. एवढ्या कडाडल्या की शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावून गेला. मग बोलता बोलता मध्येच थांबल्या. कोपरा कुठला, हात कुठला, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. त्यांनी स्वतःचा उजवा तळवा उघडून पाहिला. आणि शाळेत फोन त्यांनीच लावला.

बाई धापा टाकत आल्या. हिची पिशवी मांडीवर तयारच होती. बाईंनी आधी तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले, मग म्हणाल्या की काकांना काय विचारलंस ते मला विचार. तिनं भीत भीत तेच पुन्हा विचारलं. बाईंना उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत असल्याचं सोंगही त्यांनी आणलं नाही. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, चला, त्यालाच विचारू.

वहिनींनी पुठ्ठ्याची एक नळी गुंडाळली, मनगटाएवढी जाड. काकांनी ती नकाशाच्या कोपऱ्यावर ठेवली. बाकीचे सगळे रेघेच्या मागे गेल्यावर त्यांनी भिंतीवरचं मोठं बटण पुन्हा सुरू केलं. खरं सांगायचं तर हिला भीतीपेक्षा आता उत्सुकताच जास्त होती, आणि बाईंचीही मान तिच्याइतकीच लांब झाली होती. काकांनी पट्टी बसवली आणि दोन्ही बटणं दाबली.

पातं उतरलं, वर गेलं. नळीचे दोन तुकडे झाले. आवाजात तसूभर फरक नव्हता, कागदाचा जो आवाज तोच. यंत्रानं कुठे कुरकुर केली नाही, कुठे अडखळलं नाही. मग बाईंनी पुन्हा करायला सांगितलं आणि काकांनी मध्येच एक हात उचलला. पातं शिकवल्यासारखं जागच्या जागी थांबलं. दिलेला शब्द ते तंतोतंत पाळत होतं, पण तो शब्द त्यानं एकट्या काकांना दिला होता. बाजूला कोण उभं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

“मी एकट्यानं चालवताना पाहिलं,” बाई हळूच म्हणाल्या. “दोघं असताना काय होतं, हे माझ्या मनातच आलं नाही.”

वहिनी खुर्चीवर बसल्या. इतकी वर्षं, एवढंच त्या म्हणत होत्या.

मग बाईंनी जे सांगितलं ते हिला अपेक्षित होतंच. नियम साधा होता. जिथे धोका आढळला तिथे विद्यार्थ्याला ठेवायचं नाही, त्याच क्षणी घेऊन यायचं. बाईंना ते बोलताना जड जात होतं हे स्पष्ट दिसत होतं, पण नियम त्यांनीच केलेला होता. हिनं पिशवी खांद्याला लावली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं बाहीला पुसलं. चष्म्याच्या दुकानातून विचारलं म्हणून गेली, इथूनही विचारलं म्हणूनच चालली होती.

ढिगावर बसलेले काका उठले.

“म्हणजे हिनं विचारलं म्हणून हिलाच घालवायचं?” ते म्हणाले. “मग पुढच्या वेळी ही कशाला विचारील, बाई? गप्प हात धरून उभी राहील.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आणि वहिनी, ज्यांना संध्याकाळच्या टेम्पोची सकाळपासून घाई होती, उठल्या, भिंतीवरच्या मोठ्या बटणाला लावायचं कुलूप आणलं, लावलं आणि किल्ली बाईंच्या हातात ठेवली. पोरीला नाही, यंत्राला घरी बसवा म्हणाल्या. बाजूनं जाळी बसेपर्यंत आणि कारागीर येऊन तपासून जाईपर्यंत ते चालणार नाही. उरलेले नकाशे त्या दुसऱ्या कारखान्यात कापायला पाठवणार होत्या. टेम्पोवाल्याला आणि नकाशेवाल्याला त्यांनी सगळ्यांसमोर फोन केला. पलीकडून बरंच काही ऐकावं लागलं असणार, कारण त्या बराच वेळ नुसतं “हो, चूक आमची” म्हणत होत्या.

बाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. रोज दुपारी येऊन जाईन म्हणाल्या. मग हिच्या खांद्यावरची पिशवी त्यांनीच उतरवून खुंटीला लावली. “प्रश्न जरा कमी कर, असं मी म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते मी परत घेते.”

त्या संध्याकाळी घरी ताटं वाढली तेव्हा आई नुकतीच कामावरून आली होती. ती पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात जात असे. आज काही विचारलं तर नाहीस ना, असं तिनं बसता बसता विचारलं. हिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. हात कुठे होता ते सांगितलं तेव्हा आईनं ताट बाजूला सारलं, तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. भाजी निवून गेली तरी तिनं तो सोडला नाही. मीच तुला गप्प बसायला सांगितलं, असं ती दोनदा म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला.

ही मात्र आता दुसरंच काहीतरी बघत होती. आईच्या बोटांच्या शेंड्यांना पत्र्याचा काळसर डाग होता.

“आई, तुमच्या डबे दाबायच्या यंत्राला पण दोन बटणं आहेत का?”

“आहेत की,” आई म्हणाली. “दोन हात लागतात. सुरक्षित असतं म्हणे.”

“तिथे तू एकटीच असतेस?”

“नाही, शेजारची मावशी असते. ती पत्रा सरकवते, आणि मी...”

आईनं मुलीचा हात अलगद ताटाजवळ ठेवला, उठून हात पुसले आणि मावशीला फोन लावला. पलीकडून मावशीचा हसरा आवाज आला, काय गं, जेवलीस का, म्हणून. उद्या मी साहेबांशी बोलेपर्यंत यंत्राजवळ यायचं नाही, आई म्हणाली, आणि मावशीनं का म्हणून विचारलं तेव्हा ती तिथेच जमिनीवर बसून सांगायला लागली.